वडिलांच्या स्मृतीस

व्हीलचेअर प्रदर्शनाच्या दालनाच्या दारातून आत आली आणि मुलगी घाईनं दाराकडे निघाली. खुर्चीत तिचे वडील होते. मागून ढकलत होती आई.

"अगं, सांगायचंस तरी," आई धापा टाकत म्हणाली. "शेजारच्या पोरीनं विद्यापीठाच्या फाटकाबाहेर फलकावर तुझं नाव वाचलं, तिच्याकडून कळलं. मग काय, यांनी सकाळपासून धोशा लावला. सारखं दाराकडे बोट. घासाला शिवेनात. आणलं शेवटी."

शेवटच्या वर्षाचं काम फक्त परीक्षक बघतात, बाहेरच्या कुणाला सोडत नाहीत, असं मुलीनं घरी सांगितलं होतं.

व्हिडिओ-कला शिकायला ती विद्यापीठात आली तेव्हा कॅमेरा सरळ धरण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. हळूहळू सगळं आलं. उजेड कळायला लागला. कुठे कापायचं आणि कुठे न कापता बघणाऱ्याला अवघडू द्यायचं, तेही जमलं. पण शिकवणाऱ्या मॅडमच्या गळी तिचं काम काही उतरेना. "दिसायला छान आहे गं," त्या दरवेळी म्हणायच्या, "पण यात तुझं काय जळतंय?"

मग वडिलांना झटका आला. ते बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. त्यांना बघितलेली माणसं थोडी, पण तो भरदार आवाज सगळ्या शहराच्या ओळखीचा. दाढी करता करता ते कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळायचं सगळं. शब्द तेवढे घशात अडून बसायचे. दिवसाकाठी एखादा बाहेर पडला तर आई तो चार घरी जाऊन सांगायची.

मुलीनं घरातच कॅमेरा लावला. वडिलांचे बूट. खुंटीवरचा गणवेशाचा कोट. कडक झालेला दाढीचा ब्रश. जेवणाच्या टेबलाशी त्यांची रिकामी जागा. वडील पलंगावरून बघत असायचे. "बाबा, जरा मागे व्हा ना, सावली पडतेय," ती म्हणायची, आणि ते डाव्या कोपरावर जोर देऊन मागे सरकायचे. या चित्रांवर तिनं स्थानकातल्या जुन्या रेकॉर्डिंगमधला त्यांचा आवाज चढवला.

वर्गात ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा दिवे लागले तरी कुणी जागचं हललं नाही. मॅडमनी हलकेच विचारलं, "कधी गेले?"

"मागच्या वर्षी..." ती म्हणाली. मागच्या वर्षी झटका आला, असं तिला सांगायचं होतं. तेवढ्यात मॅडमचा हात तिच्या खांद्यावर आला. मागच्या बाकावर कुणीतरी मुसमुसायला लागलं. "आता कुठे तू काम केलंस," मॅडम म्हणाल्या. वाक्य अर्धंच राहिलं. उद्या सांगू, असं तिनं मनाशी घोकलं. उद्याचा परवा झाला. पुढे भिंतीवरची ओळ मॅडमनीच सुचवली, आणि तिनं ती स्वतःच्या हातानं चिकटवली. वडिलांच्या स्मृतीस.

आता ती ओळ आईच्या समोर होती. आईनं ती वाचली. पुन्हा वाचली. खुर्चीच्या मुठीवर तिची बोटं पांढरी पडली. वडिलांची नजरही त्या अक्षरांवरून सावकाश गेली आणि शेवटच्या शब्दाशी थांबली. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे त्यांचे बूट होते, आणि अंधारात त्यांचाच आवाज घुमत होता. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.

तेवढ्यात मॅडम परीक्षकांना घेऊन आल्या. परीक्षक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी मुलीचे दोन्ही हात हातात घेतले.

"पोरी, लहान वयात फार सोसलंस. हे काम या खोलीत राहायचं नाही. मी ते पुढे नेणार."

मॅडमचं लक्ष व्हीलचेअरकडे गेलं. "आणि हे?"

हे माझे बाबा. एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलेसुद्धा.

"काका," ती म्हणाली. "बाबांचे भाऊ."

आईनं खस्सकन श्वास ओढला. ती तोंड उघडणार तोच वडिलांचा डावा हात वर आला आणि तिच्या हातावर पडला. तो तिथून निघेना. मुलगी फरशीकडे बघत राहिली.

"काय आवाज होता हो तुमच्या भावाचा!" परीक्षक खुर्चीपाशी वाकून म्हणाले. "अंगावर काटा येतो."

वडिलांचे ओठ हलले. मान ताणली गेली, कपाळावरची शीर तट्ट फुगली. पडद्यावरचे बूट गेले, कोट आला, कोटही गेला. सगळे ताटकळत उभे होते.

"माणूस," ते म्हणाले. हनुवटीवर लाळ ओघळली. मग मुलीवरची नजर न काढता, एकेक अक्षर बाहेर ढकलत, त्यांनी वाक्य पुरं केलं.

"चांगला... होता."