दुपारी धूर अपेक्षित

दसऱ्याची पूजा आटोपल्यावर ऑफिसच्या गच्चीत शाल्मलीने ड्रोनवरचा झेंडू काढला आणि तो उडवण्याआधी मोबाइलवर उड्डाणाचा नकाशा पाहिला. वारा मंद होता, आकाश मोकळं होतं. फक्त तिच्या घराच्या इमारतीवर लाल वर्तुळ होतं: ‘दुपारी धूर अपेक्षित. उड्डाण बंद.’

वादळ असो की आग, नकाशा आजवर चुकला नव्हता. तिने सासूबाईंना फोन लावला.

“आई, गॅस बंद आहे ना?”

“आहे गं. चार्जिंगला लावलेल्या तुझ्या ड्रोनच्या बॅटऱ्यांनाही हळदकुंकू वाहिलं, शेजारी समई लावली.”

“आधी ती समई विझवा! बाळाला घेऊन बाहेर पडा!”

“अगं, मी खाली आलेय, आपट्याची पानं घ्यायला. बाळ वर झोपलंय.”

नकाशावरचं ‘दुपारी’ पुसलं गेलं. तिथे ‘आता’ उमटलं.