सगळ्यांच्या आधी

"रिपोर्ट चांगले आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रूपरावांनी हात जोडले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, शकुंतलाबाईंचा, चेहरा मात्र उतरलेलाच राहिला.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात वर्ध्याच्या याच दवाखान्यात कर्करोगामुळे शकुंतलाबाईंचं जठर काढलं होतं. आतडं थेट अन्ननलिकेला जोडलं. तेव्हापासून दर दोन-तीन तासांनी चार घास खायचे. भुकेपोटी एकदम जास्त खाल्लं, की दरदरून घाम यायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची.

देवळीच्या घराला ही मोठीच आपत्ती वाटली. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून शकुंतलाबाई शेवटी जेवत. उरली तर भाजी, नाही तर तेल-तिखट. ते कधी कोणाला खुपलं नव्हतं. आता तव्यावरची पहिली भाकर त्यांच्या ताटात पडू लागली आणि सगळ्यांना दिसायला लागलं. सासू विमलाबाई शेजारपाजारी ऐकू जाईल अशा बोलत, "पोट काढलं, पन खानं काई सुटलं नाई. दिवसभर चरूनच राह्यली." घरात पाण्याचा माठ कुठे असतो हे ठाऊक नसलेले रूपराव मोठ्या मनाने म्हणत, "राहू दे माय. वर्षाचीच गोष्ट हाय. तपासनी झाली का सारं पहिल्यासारखं."

आज वर्षाच्या तपासणीला येताना एसटीत शकुंतलाबाईंचे हात गार पडले होते. "भेऊ नोको," रूपराव म्हणाले, "बीमारी वापस आली नसन." बाईला दुसरी कसली भीती असू शकते, हे त्यांच्या डोक्यात येणार तरी कुठून!

आता ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हनजे मॅडम, इचं जेवन पहिल्यासारखं ना? सगळ्यायचं झालं का मंग, एकदाच?"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "नाही. असंच खायचं. थोडं थोडं, वेळेवर. कोणासाठी थांबायचं नाही. जन्मभर."

रूपराव खुर्चीत मागे टेकले. शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलू लागले.

"अहो, रडू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शकुंतलाबाईंनी पदर बाजूला केला. त्या नवऱ्याकडे पाहून हसत होत्या.

"मॅडम, ते जन्मभर अजून एक डाव मोठ्यानं सांगा न. यायले कमी आयकू येते."