लेकीचा हेल

झुंबरबाईची लेक तानुबाई, तानुबाईची लेक बनाबाई आणि बनाबाईची एकुलती एक लेक संजीवनी. पहिल्या तिघींचा आवाज धाडच्या पंचक्रोशीत एकाच कामासाठी नावाजलेला होता. कुणाच्या दारी मृत्यू आला, की हेल काढून रडायला त्यांना बोलावणे जाई. चौथीचा आवाज त्याच घराण्याचा. तिने त्याला गिटारीची आणि ड्रम्सची साथ दिली, एवढाच फरक. देशभरातले लोक तो ब्लूज आणि रॉक म्हणून तिकीट काढून ऐकू लागले.

आज तो बुलढाण्यात प्रथमच ऐकू येणार होता. सभागृहातली एकही खुर्ची उरली नव्हती. सकाळी अकराला संजीवनी माइकपुढे उभी राहून आवाज तपासत होती, तेव्हा भागवतचा फोन आला. भागवत म्हणजे धाडच्या अंबूबाईचा मुलगा.

"ताई, जशी हायेस तशी निघ."

"काय झालं?"

"फोनवर काय सांगू? बायका जमल्या. माय म्हणे, पयला फोन संजीलेच करजो."

संजीवनीने पुढे काही विचारले नाही. त्यांच्याकडे फोनवर मृत्यूचे नाव कुणी घेत नसे. सांगणारा 'जशी आहेस तशी निघ' म्हणे आणि ऐकणारा चपला शोधू लागे.

"सहाला कार्यक्रम आहे," गिटारवादक ऋत्विक म्हणाला. तो पुण्याचा. "आपल्या जिल्ह्यात गायचं म्हणून वीस वर्षं थांबलीस तू."

"आले तर गाईन. नाही आले, तर तू गा. लोक शिव्या देतील, त्या ऐकून घे."

"तुझी कोण लागते ही बाई?"

"कुणी नाही. तिचं देणं आहे माझ्याकडे."

सात वर्षांपूर्वी बनाबाई वारली, तेव्हा संजीवनी शिलाँगला मंचावर होती आणि तिचा फोन गिटारीच्या पेटीत होता. धाडच्या त्यांच्या गल्लीची रीत अशी, की आईसाठी पहिला हेल लेकीने काढायचा. तोवर तिरडी उचलायची नाही. दुपार टळली तरी लेकीचा पत्ता लागेना. शेवटी अंबूबाई पुढे झाली. बनाबाईशी तिने बारा वर्षे बोलणे टाकले होते. दोघीही रडण्यात पटाईत, आणि दुसरीला ताल कळत नाही असे दोघीही चारचौघींत सांगत. त्या अंबूबाईने लेकीच्या जागी उभे राहून हेल काढला, तेव्हा कुठे बनाबाई उंबरठ्याबाहेर पडली.

संजीवनी तिसऱ्या दिवशी पोहोचली. तिने सारे विधी नीट पार पाडले, आल्यागेल्याला हात जोडले आणि तेरावे आटोपताच पुन्हा मंचावर उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. बायकांनी ते पाहिले. अंबूबाईनेही पाहिले.

रडण्याचे देणे रडूनच फेडायचे असते. अंबूबाईला मुलगी नव्हती.

ऋत्विकच गाडी चालवत होता. डोंगराची वळणे संपल्यावर तो म्हणाला, "एक विचारू? तुझ्या गाण्यावर लोक रडतात. तुझे डोळे मात्र मी कधी ओले पाहिले नाहीत. आता कशी रडशील?"

"सूर पक्का असला की डोळ्यांत पाणी लागत नाही," संजीवनी म्हणाली. "माझ्या आजीनं गावाला असंच रडवलंय."

गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी थांबवायला सांगितली.

"आधी कुणाला तरी विचारू या," ऋत्विक म्हणाला. "कधी झालं, काय झालं..."

"विचारायचं नसतं. इथपासून रडतच जायचं असतं."

तिने ओढणी डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घेतली. पायांपुढची चार फरशा जमीन तेवढी दिसत होती. तिने श्वास भरला आणि मंचावर लावावा तसा पहिला सूर लावला.

"अंबूमावशे वो... भरल्या घरातून कशी उठून गेली वो..."

सूर चोख लागला. दारे उघडली. दुसरी ओळ तिने पहिलीपेक्षा वर चढवली.

"तुह्या अंगणात आली वो... हाक कोण मारीन मले वो..."

तिसरी ओळही तिने मनात बांधून ठेवली होती. तोंडातून निघाली ती दुसरीच.

"माये वो... एसटीत बसवून म्हणे, मांगं वळून पाहू नको... मी वळलीच नाही वो..."

संजीवनी थबकली. अंबूबाईने तिला कधी एसटीत बसवले नव्हते. पण हेल मध्ये तोडायचा नसतो, आणि तोडू म्हटले तरी आता तो तिच्या हाती राहिला नव्हता.

"फोन पेटीत बंद व्हता वो माये... तू किती वेळा वाजवला वो..."

गल्लीच्या तोंडाशी ऋत्विक गाडीच्या दारावर हात ठेवून उभाच राहिला. एवढ्या वर्षांत त्याने तिचा सूर सुटलेला ऐकला नव्हता. आता तो सुटला, घसरला, श्वासात अडकला आणि तसाच पुढे गेला. भिंतीला हात लावत संजीवनी अंबूबाईच्या दारापर्यंत पोहोचली आणि उंबरठ्यावर कोसळली. ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. कुणी तिला उठवले नाही, कुणी गप्प केले नाही. शब्द संपले तरी ती रडतच होती.

बऱ्याच वेळाने कुणीतरी तिची ओढणी मागे सारली, म्हाताऱ्या खरखरीत हाताने तिचे तोंड पुसले आणि पाण्याचा गडवा ओठांना लावला.

"पाणी पे, बाई," अंबूबाई म्हणाली. "माह्यं कायी देणं नव्हतं तुह्याकडे, मी तं जित्तीच हाव अजून. फोन मीच कराले लावला. बनाबाईचं व्हतं. ते आज पुरं फिटलं."