गच्चीवरची चोपणी

सत्तावन्न साली प्रभाताई आगट्यांनी जयपूरच्या आपल्या घराची गच्ची पावसाळ्याआधी दुरुस्त करून घेतली. गवंड्यांनी भेगांत चुना भरला, तो लाकडी थापीने चोपला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वरून पुन्हा चोपण्याचा आवाज आला. प्रभाताई वर धावल्या. गच्ची रिकामी होती, मात्र चुना मधोमध फुटला होता.

त्यांनी भेग स्वतः बुजवली. पुन्हा आवाज आला, पुन्हा भेग पडली.

“अगं, सोडू या हे घर,” त्यांचे यजमान प्रल्हादराव घाबरून म्हणाले.

“आपण का म्हणून? वाजवणाऱ्याने जावं!”

यजमानांना अंगणात बसवून त्यांनी घराला कुलूप घातलं आणि बाहेरच्या जिन्याने त्या वर गेल्या. भेग भरून जीव खाऊन चोपू लागल्या.

दम घ्यायला थांबल्या, तेव्हा खालच्या बंद खोलीतून, नेमकं त्यांच्या गुडघ्यांखाली, कुणीतरी छत चोपू लागलं. ओला चुना हळूहळू वर फुगला.

प्रभाताईंनी त्यावर सणसणीत थापी हाणली.

मग खालून दोन थाप्या वाजू लागल्या. मग कितीतरी.

“या, सगळे या!” प्रभाताई ओरडल्या आणि त्यांनी पदर खोचला.