जाळीतला बोळा

रविकांतनं पंपाचं झाकण उघडलं, आतली जाळी बाहेर काढली आणि दौलतरावांच्या पायाशी उपडी केली. कडुलिंबाची पानं पडली, एक मेलेला बेडूक पडला आणि शेवटी मुठीएवढा केसांचा बोळा पडला. शेवाळानं पार हिरवाकाळा झालेला.

"हे पाहा," तो म्हणाला. "म्हून पाणी फिरत नव्हतं."

घरामागे स्विमिंग टँक असलेलं रिठद गावातलं हे एकच घर. टँकचा एक कोपरा हिरवा पडला, म्हणून दौलतरावांनी वाशिमहून हा मेकॅनिक बोलावला होता. रोगाचं निदान मात्र त्यांनी स्वतःच करून ठेवलं होतं: मोटर लहान आहे.

"शेतातली साडेसात एचपीची आणून बसवतो," ते म्हणाले.

"काकाजी, हे इहीर नाई. पाणी बाहेर नाई फेकाचं. या भोकातून जाते, पंपातून वाळूच्या फिल्टरात जाते अन् त्या भोकातून वापस येते."

"वापसच याचं हाये तं जाते कायले?"

रविकांतनं बोळ्याकडे बोट दाखवलं. "केस लांब हायेत. बाईमाणसाचे. रोज कोणीतरी पोहून राह्यलं. टोपी घालाले सांगा त्याइले."

दौलतराव बसले. खुर्ची दोन पावलं मागं होती. मुलानं, हरीओमनं, ती वेळेवर पुढं सरकवली.

टँक बांधून झाला त्या दिवशी घरच्या बायकांनी पाण्याला हळदीकुंकू वाहिलं होतं, काठावरूनच. नारळ फुटल्यावर दौलतरावांनी जाहीर केलं होतं की यात पाहुणे उतरतील, गावातले पोट्टे उतरतील. घरातली बाई उतरली त्या दिवशी मुरूम टाकून टाकं बुजवीन. बोलण्याला वजन यावं म्हणून ट्रॉलीभर मुरूम फाटकाजवळ आणूनही टाकला होता. तो तसाच पडून होता.

घरात बायका दोन. सासू रुख्मिणीबाई ओट्यावर बसून सुपात तूर निवडत होत्या, पदर कपाळाच्या खाली. सून निकिता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. सगळ्यांनी निकिताकडे पाहिलं. ती नागपूरची, एम. कॉम., शिवाय लग्नात फोटोवाल्यानं न सांगता हसली होती. एवढा पुरावा पुष्कळ झाला.

"सूनबाई," दौलतराव हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले की घर निश्चिंत असायचं. हळू बोलले की नाही. "तुले काय सांगतलं होतं मी?"

"मी नाही उतरले, मामंजी."

"मंग हे केस बेडकाचे हायेत काय?"

"बाबा, मी समजावतो तिले," हरीओम म्हणाला. बायकोची बाजू घ्यायची त्याची ही पद्धत होती.

"समजावाचं काई राह्यलं नाई. मुरूम आजच पडंन. अन् हिच्या बापाले फोन लाव. म्हणा, घेऊन जा."

निकितानं ट्रे खाली ठेवला, दोन बोटांत तो बोळा उचलला आणि सरळ नळाखाली धरला. शेवाळ वाहून गेलं. तिनं एकदा बोळ्याकडे पाहिलं आणि झटकन मूठ मिटली.

"माझेच आहेत," ती म्हणाली.

"आता कशी बोलली," दौलतराव म्हणाले.

"दाखव त्याइले," ओट्यावरून आवाज आला.

"आत्याबाई, राहू द्या ना," निकिता सासूला म्हणाली.

"दाखव म्हणते ना."

निकितानं मूठ उघडली. केस मेंदीनं लालभडक होते, बुडाशी पांढरे. रुख्मिणीबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. लालभडक अंबाडा, बुडाशी पांढरा. अंबाड्यातून पाणी ठिबकत होतं.

हरीओमनं आभाळाकडे पाहिलं. तिथंही काही मदत नव्हती.

"आज?" दौलतरावांनी विचारलं.

"तुमी या मेकॅनिकले घ्याले फाट्यावर गेल्ते तवा."

"तुले पोहता येते?" त्यांनी विचारलं. नातवंडं व्हायच्या वयात बायकोला विचारायचा हा प्रश्न नव्हे, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं असावं.

"माहेरी इहीर होती. तिले पायऱ्या नव्हत्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "तुमाले नाई येत?"

दौलतरावांनी चहाचा कप उचलला. त्यांना येत नव्हतं. ही गोष्ट आजवर घरात कोणालाच माहीत नव्हती. आता वाशिमच्या मेकॅनिकलाही कळली.

रविकांतनं धुतलेली जाळी बसवली, झाकण आवळलं, बटण दाबलं. हिरव्या कोपऱ्यात कडुलिंबाचं एक पान अडकलेलं होतं. ते थरथरलं, सुटलं आणि काठाकाठानं निघालं. दौलतरावांच्या समोरून गेलं, थांबलं नाही.

"पाणी येते त्या भोकाचं तोंड वळवता येते," रविकांत म्हणाला. "कोणीकडं करू, काकाजी?"

दौलतरावांनी तोंड उघडलं आणि चहाचाच घोट घेतला.

"सामोरून येऊ दे, बापा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "अंगाले जोर लागला पायजे."

रविकांतनं तोंड वळवलं. हरीओम मघापासून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "बाबा, त्या मुरमाचं काय करू?"

दौलतराव पानाकडे पाहत होते. ते दुसऱ्यांदा समोरून चाललं होतं.

"मागच्या दारापासून टाक्यापर्यंत पसरव," सूप पुन्हा मांडीवर घेत रुख्मिणीबाई म्हणाल्या. "परवा घसरली मी तिथं."