ट्रॅक कोरडा आहे

प्रवरेच्या पुलाखाली स्टेलाचं प्रेत सापडलं, तेव्हा सगळी गल्ली तिच्या नवऱ्याला, गिदोनला, धीर द्यायला जमली. पावसाळ्यात रोज पहाटे नदीकाठच्या फिरायच्या ट्रॅकवर जाऊन पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकायचं काम त्याचं. तो फोटो बघूनच लोक फिरायला निघत. स्टेलाही त्या दिवशी रात्रपाळीवरून परस्पर तशीच निघाली होती.

“गिदोननं कामात कधी चुकारपणा केला न्हाई,” शेजारचे राधाकृष्णतात्या म्हणाले.

सासरहून आलेली मुलगी मरिया त्याचा हात धरून बसली होती. “पप्पा, तुम्ही फोटो काढला तेव्हा ट्रॅक कोरडाच होता. पाणी मागून चढलं. तुम्ही तरी काय करणार?”



त्या पहाटे गिदोन अंथरुणातून उठलाच नव्हता. आदल्या दिवशीचाच फोटो त्याने पुन्हा टाकला होता. दोन महिने झाले, मरियाला त्याने हे अजून सांगितलेलं नाही.