छान झालं म्हणते

"भोंगा ऐकू आला होता का?" पाहणीला आलेल्या बाईंनी फॉर्मवरून मान वर न करताच विचारलं.

"आला म्हणजे काय! मेलेलं माणूस उठून बसेल असा दणदणीत," लोहार म्हणाला. मागे रांगेत शिंपी उभा आहे हे लक्षात येताच त्यानं जीभ चावली आणि तो बाजूला झाला.

पूर ओसरून बारा दिवस झाले होते. शाळेच्या वर्गात अजून ओल होती, आणि भिंतीवर छातीइतक्या उंचीला गाळाची रेघ. पुराची सूचना देणारा हा भोंगा परदेशी मदतीतून गेल्याच वर्षी बसवला होता. तो किती कामी आला, हे बघायला बाई आल्या होत्या. सकाळपासून सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं, त्यामुळे त्या खुशीत होत्या.

शिंपी समोरच्या बाकावर टेकला.

"तुम्हाला ऐकू आला?"

"मी कपडे पोचवायला नदीपलीकडे गेलो होतो."

"मग घरी कोण होतं?"

"ताई. माझी मोठी बहीण. मागच्या खोलीत काजं करत बसली होती."

"त्यांना ऐकू आला?"

रांगेत कुणीतरी उगाच खोकलं.

"ती जन्मापासून बहिरी होती, बाई."

'होती' म्हटल्यावर बाईंचं पेन थबकलं.

"आम्हाला वाटलं, तू तिला बरोबर नेलंयस," लोहार दारातून म्हणाला. "शपथेवर सांगतो, तसंच वाटलं रे."

शिंप्यानं मान हलवली. हे वाक्य त्यानं घराघरातून ऐकलं होतं. त्याला कुणाचाच राग येत नव्हता, आणि तेच त्याला खात होतं.

बाईंनी 'नाही'वर खूण केली. खाली कारणं छापलेली होती. त्या हळू आवाजात वाचू लागल्या. "घर लांब होतं... भोंगा बंद होता... आवाज कमी पडला..."

"भोंग्याचा खांब आमच्या दारातच आहे," शिंपी म्हणाला. "भोंगा चांगला वाजला."

बाईंनी फॉर्म उलटा करून ठेवला.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "पण खांब उभा राहत होता, तेव्हा कुणीतरी आम्हाला सांगायला हवं होतं हो."

"तिनं सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तुमच्या इंजिनिअरला. हातातलं काम टाकून बाहेर आली, थेट त्याच्यासमोर उभी राहिली. वर भोंग्याकडे बोट केलं. मग दोन्ही कानांवर हात ठेवून मान हलवली. मग असा छातीवर हात ठेवला, माझं काय म्हणून." शिंप्याचे हात हवेत तिच्यासारखेच फिरले आणि मांडीवर पडले. "त्या बिचाऱ्याला काही कळेना. त्यानं मला विचारलं, काय म्हणतायत या?"

"मग?" बाईंनी विचारलं.

"दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्यात वाटलं, लांबून येऊन माणसं आपल्यासाठी एवढं करतायत, आपलं रडगाणं कशाला मध्येच." तो बाकावरून उठला. "मी म्हटलं, छान झालं म्हणते."